पाळ्यांचा तक्ता आखणाऱ्या साहेबांस खुले पत्र

मा. साहेब,


पत्रावर तुमचे नाव घातलेले नाही, कारण एका नावाने भागणार नाही. सातपूरच्या पपया नर्सरीपासून अंबडच्या गरवारे पॉइंटपर्यंत, तिथून पुढे वाडीवऱ्हे, गोंदे आणि तिकडे सिन्नरच्या मुसळगाव-माळेगावपर्यंत, कारखाना दिसला की आत तुम्ही बसलेले असता. कुठे दारावर ‘पर्सोनेल’ लिहिलेले असते, कुठे ‘एचआर’, कुठे ‘प्लॅनिंग’. काम एकच. आठवडा संपता संपता पुढच्या आठवड्याच्या पाळ्यांचा कागद नोटीस बोर्डावर लावायचा. त्या कागदासमोर मान वर करून स्वतःचे नाव शोधण्यात माझी उमेदीची वर्षे गेली. मी निवृत्त झालो. आता माझा मुलगा तोच कागद मोबाइलवर शोधतो. एवढ्या वर्षांत तुमच्या खात्यात झालेली सुधारणा म्हणाल तर ती ही.

तुमच्या नोकरीची मला असूया नाही. साडेनऊला गाडी गेटमधून आत येते, सहाच्या आसपास बाहेर पडते, रात्री वेळेवर झोप लागते. लागावीच. माझा आक्षेप असा आहे की ज्या माणसाने जन्मात एक थर्ड शिफ्ट केली नाही तो शेकडो माणसांची थर्ड ठरवतो, आणि ठरवताना त्यांतल्या एकालाही विचारत नाही. तुमच्या कागदावर मशीनचा नंबर असतो, मॅनपॉवरचा आकडा असतो, टार्गेट असते. माणूस काल किती वाजता सुटला, किती वाजता घरी पोचला आणि किती झोपला, याला त्यात जागा नाही.

रात्रपाळी बंद करा असे मी म्हणणार नाही. एकलहऱ्याच्या वीजकेंद्रातला बॉयलर संध्याकाळी विझवून सकाळी पेटवता येत नाही. सिव्हिल हॉस्पिटलचा अपघात विभाग रात्री कुलूप लावू शकत नाही. नोटाबंदीनंतर, २०१६ च्या हिवाळ्यात, नाशिकरोडच्या करन्सी नोट प्रेसमधल्या कामगारांनी रविवार आणि सणाच्या सुट्ट्या न घेता नोटा छापल्या. सारा देश एटीएमसमोर उभा होता तेव्हा आपल्या गावची माणसे मशीनसमोर उभी होती, याचा मला अभिमान आहे. पण त्याच दिवसांतल्या आणखी दोन बातम्या तुम्ही वाचल्या असाल. पश्चिम बंगालमधल्या सालबोनीच्या नोट छापखान्यातल्या कामगारांनी डिसेंबरअखेर स्पष्ट सांगितले की माणसे आजारी पडू लागली आहेत, यापुढे जादा तास नाहीत. आणि पाचशेच्या काही नव्या नोटांच्या छपाईत फरक आढळला तेव्हा खुद्द रिझर्व्ह बँकेकडून खुलासा आला की घाईत काही सदोष नोटा बाहेर गेल्या असाव्यात. देशाची नोट छापणाऱ्या मुरलेल्या यंत्रणेची ही गत. तुमच्या लाइनवरचा सहा महिन्यांच्या करारावर आलेला पोरगा तर कालच शिकून आलेला असतो.

तेव्हा भांडण आहे ते तुम्ही तक्ता कसा आखता त्याच्याशी.

आपल्याकडे पाळ्या अशा होत्या : फर्स्ट सात ते साडेतीन, सेकंड साडेतीन ते बारा, थर्ड बारा ते सात. आणि चक्र उलटे. एक आठवडा थर्ड, पुढचा सेकंड, मग फर्स्ट, की पुन्हा थर्ड. हे उलटे का, ते कोणी सांगितले नाही. तुमच्या आधीच्या साहेबांनी तसे लावले होते, त्यांच्या आधीच्यांनी त्यांना तसे दिले होते.

हे उलटे चक्र शरीराला का सोसत नाही ते सांगतो. आपल्या मेंदूत, दोन्ही डोळ्यांच्या नसा जिथे एकमेकींना ओलांडतात त्याच्या जरा वर, पेशींचा एक बारीक पुंजका आहे. डोळ्यांत येणारा उजेड बघून तो साऱ्या शरीराचे घड्याळ लावतो. झोप कधी यावी, भूक कधी लागावी, शरीराचे तापमान कधी उतरावे, हे तो ठरवतो. पेशींच्या आत हे घड्याळ कसे चालते ते उलगडून दाखवल्याबद्दल जेफ्री हॉल, मायकेल रॉसबॅश आणि मायकेल यंग यांना २०१७ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल मिळाले. माणसाचे हे घड्याळ चोवीस तासांपेक्षा किंचित हळू चालते. म्हणून उशिरा झोपायला सांगितले तर माणसाला जमते, नेहमीपेक्षा लवकर झोपायला सांगितले तर तो छताकडे बघत पडतो. फर्स्टवरून सेकंड, सेकंडवरून थर्ड असा क्रम असेल तर शरीर कुरकुर करत का होईना मागून येते. तुमचा क्रम दर आठवड्याला त्याला उलट्या दिशेने ओढतो. शिवाय मुदत एका आठवड्याची. रात्रीची जरा कुठे सवय व्हायला लागते, की शनिवारी नवा कागद लागतो.

हे नुसते पुस्तकी ज्ञान आहे असे म्हणू नका. अमेरिकेच्या युटा राज्यात ग्रेट सॉल्ट लेकच्या परिसरात खनिजे काढणाऱ्या एका कंपनीत असेच आठवड्याचे उलटे चक्र होते. हार्वर्डच्या संशोधकांनी तिथे क्रम सुलटा करून पाहिला, एकेक पाळी तीन आठवड्यांची करून पाहिली, आणि १९८२ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात काय घडले ते छापले. कामगारांचे समाधान वाढले, तब्येतीच्या तक्रारी घटल्या, नोकरी सोडून जाणारे कमी झाले. आणि साहेब, उत्पादन वाढले. त्यासाठी नवे मशीन आणावे लागले नाही, शेड वाढवावी लागली नाही. तुम्ही दर वर्षी स्टेजवर उभे राहून कायझेनची, म्हणजे कामातल्या छोट्या सुधारणांची, बक्षिसे वाटता. एका ट्रॉलीचे चाक बदलणाऱ्याला घड्याळ मिळते. हे कायझेन चाळीस वर्षांहून जुने आहे आणि त्याला एक रुपया लागत नाही. तुमच्या सूचनांच्या पेटीत ते अजून कोणी टाकलेले नाही, कारण पेटी शॉपमध्ये आहे आणि तक्ता तुमच्या टेबलावर.

तुम्ही म्हणाल, उलटे चक्र कामगारांनाच हवे असते. खरे आहे. त्याचे कारणही मी सांगतो. उलट्या चक्रात फर्स्टवरून थर्डला जाताना शनिवारी दुपारी साडेतीनला सुटलेला माणूस सोमवारी रात्री बारापर्यंत मोकळा असतो. सटाण्याला, कळवणला गावी जाऊन कांद्यावर नजर टाकून येता येते, म्हातारीला दवाखान्यात नेता येते. सुलट्या चक्रात थर्ड संपते रविवारी सकाळी सातला, आणि सोमवारी सकाळी सातला फर्स्ट उभी. कायद्याने ती सुट्टी पुरी भरते. नियमच आहे, रात्रपाळीवाल्याची सुट्टी त्याची पाळी संपल्यापासून चोवीस तास धरायची. त्या चोवीस तासांतले निम्मे तो अंथरुणात असतो आणि उरलेल्यात दाढी करतो, रेशन आणतो, पोराच्या शाळेची फी भरतो. म्हणजे तुम्ही आमच्यापुढे दोन ताटे ठेवलीत. एकात शरीर मोडणारे चक्र आणि लांब सुट्टी, दुसऱ्यात शरीराला झेपणारे चक्र आणि नावापुरती सुट्टी. थर्डच्या आठवड्यानंतर सरळ दोन दिवस सुट्टी, हे तिसरे तुम्ही कधी वाढलेच नाही. ते ठेवा आणि मग विचारा कामगाराला काय हवे.

आता जरा सिडकोत चला. सहा योजनांतली ही घरे तुमच्याच कारखान्यांतल्या माणसांनी भरली आहेत. भिंतीला भिंत, दारासमोर दार. थर्ड करून माणूस आठच्या सुमारास घरी येतो, चहा घेतो, आडवा होतो. तेवढ्यात घंटागाडी गाणे वाजवत गल्लीत शिरते. मग भंगारवाला, मग भाजीची हातगाडी, मग शेजारी कोणीतरी भिंतीत ड्रिल घालतो. एप्रिल-मे असेल तर दुपारी स्लॅब तापतो आणि पंखा गरम हवा फिरवतो. गोंगाट नसता तरी दिवसाची झोप रात्रीच्या झोपेपेक्षा काही तासांनी कमीच भरली असती, कारण शरीर त्या वेळी जागे राहायच्या तयारीत असते.

माझ्या बायकोने खिडकीला जुनी सतरंजी ठोकली होती. बेलची वायर काढून ठेवली होती. कुकर ती मी यायच्या आत लावून मोकळी व्हायची, म्हणजे माझ्या झोपेत शिट्ट्या नकोत. पोरे घरातल्या घरात कुजबुजत भांडायला शिकली. सेकंडच्या आठवड्यात मी रात्री पाऊण वाजता यायचो, तेव्हा ती उठून भाकरी टाकायची. फर्स्टच्या आठवड्यात पहाटे पावणेपाचला डबा तयार असायचा. थर्डच्या आठवड्यात दिवसभर अख्खे घर मुके ठेवायचे काम तिचे. तिन्ही पाळ्या तिने केल्या. कुठल्या मस्टरवर तिचे नाव नव्हते, तिला भत्ता नव्हता, साप्ताहिक सुट्टी नव्हती, आणि गुडघे गेले तेव्हा ईएसआयच्या कार्डावर ती ‘अवलंबित’ होती. एका कागदावर तुम्ही दोन माणसांना कामाला लावत होता साहेब, आणि पगार एकाचा देत होता. नाईट अलाउन्सबद्दल बोलायला नको. तो किती असतो ते तुम्हाला पगारपत्रकात दिसते.

आमच्या भागातले डॉक्टर पित्ताची तक्रार घेऊन आलेल्याला आधी पाळी विचारतात. पहाटे तीनला पोट झोपलेले असते आणि तेव्हाच कॅन्टीनमधून संध्याकाळचा थंड वडा येतो. पित्त, मग रक्तदाब, मग साखर, हा क्रम माझ्या बॅचच्या कितीतरी जणांनी पाळला. पुढचे ऐका. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००७ मध्ये शरीराचे घड्याळ बिघडवणाऱ्या पाळ्यांच्या कामाला माणसात ‘बहुधा कर्करोगकारक’ या वर्गात घातले. २०१९ मध्ये पुन्हा तपासणी करून रात्रपाळीचे काम तिथेच ठेवले. डेन्मार्कमध्ये वर्षानुवर्षे रात्रपाळी केलेल्या आणि स्तनांचा कर्करोग झालेल्या काही महिलांना कामामुळे झालेला आजार म्हणून भरपाई मिळाली. तुमच्या वार्षिक मेडिकलमध्ये उंची, वजन, डोळे आणि छातीचा फोटो असतो. झोपेबद्दल एक प्रश्न नसतो.

गेटवर मात्र तुमची तपासणी कडक आहे. सेकंडला आणि थर्डला आत येणाऱ्याने यंत्रात फुंकायचे. दारू प्यायलेला माणूस मशीनवर नको, हा नियम चांगलाच आहे. पण ऑस्ट्रेलियातल्या ड्रू डॉसन आणि कॅथरिन रीड यांचा १९९७ मध्ये ‘नेचर’मध्ये आलेला प्रयोग बघा. सलग सतरा तास जागा असलेला माणूस जितका चुकतो तितकाच शंभर मिलिलिटर रक्तात पन्नास मिलिग्रॅम अल्कोहोल असलेला चुकतो. चोवीस तास जागा असेल तर हा आकडा शंभर मिलिग्रॅमच्या आसपास जातो. आपल्याकडे गाडी चालवणाऱ्यासाठी कायद्याची मर्यादा तीस मिलिग्रॅमची आहे. आता थर्डच्या पहिल्या दिवसाचा हिशेब करा. माणूस सोमवारी सकाळी आठला उठतो, दुपारी झोप लागत नाही, रात्री बाराला मशीनवर उभा राहतो. एकलाच त्याचे सतरा तास भरतात. सकाळी सातला तो मोटारसायकलला किक मारतो तेव्हा तेवीस तास झालेले असतात. त्या अवस्थेत तो पाथर्डी फाट्यावरून मुंबई-आग्रा हायवे ओलांडतो, शाळेच्या रिक्षा आणि ट्रकांच्या मधून. आत येताना तुम्ही त्याचे तोंड हुंगलेत. बाहेर जाताना त्याच्याकडे बघायला कोणी नसते. बाहेर तो कंपनीचा नसतो.

आमच्या शॉपमधली एक घटना सांगतो. पहाटे चारचा सुमार. सीएनसी लेथवर टूलचा इन्सर्ट बदलला की ऑफसेट, म्हणजे टूल किती सरकवायचे तो आकडा, भरावा लागतो. पोराला भरायचे होते ०.५, त्याने दाबले ५. सायकल चालू केली आणि टूल साडेचार मिलिमीटर पुढे येऊन थेट चकवर आदळले. आवाज पलीकडच्या पेंटशॉपपर्यंत गेला. स्पिंडल गेला, मशीन बंद पडले, कस्टमरची लाइन थांबायची वेळ आली. सकाळी व्हाय-व्हाय ॲनालिसिसचा फॉर्म भरला गेला. का आदळले? ऑफसेट चुकला. का चुकला? ऑपरेटरचे लक्ष नव्हते. का नव्हते? निष्काळजीपणा. ॲक्शन : ऑपरेटरला मेमो.

चौथा ‘का’ विचारला असता तर कळले असते की त्याचा रिलिव्हर आला नव्हता, म्हणून तो आदल्या दुपारी साडेतीनपासून त्याच मशीनवर उभा होता. सुपरवायझरने ‘डबल मार, उद्याचे उद्या बघू’ म्हणून त्याला थांबवून घेतले होते. पाचवा विचारला असता तर उत्तर तक्ता आखणाऱ्याच्या टेबलापाशी येऊन थांबले असते, कारण कॉस्ट कटिंगमध्ये रिलिव्हरच्या जागा त्याच टेबलावर कापल्या गेल्या होत्या. फॉर्मवर पाच प्रश्न छापलेले होते. खाली सही झाली तेव्हा तीनच भरलेले होते. मेमो मिळालेला पोरगा पुढच्या महिन्यात निघून गेला, त्याच्या जागी आलेल्याला मशीन शिकवण्यात माझे आठवडे गेले, आणि त्या आठवड्यांत निघालेले रिजेक्शन पुन्हा कोणाच्या तरी निष्काळजीपणाच्या खात्यात पडले. रिलिव्हरचा जो पगार वाचवल्याबद्दल तुमची पाठ थोपटली गेली, तो त्या एका स्पिंडलमध्ये गेला असणार. तुम्ही हे दोन आकडे शेजारी मांडून बघितलेत का? रिजेक्शनचे तासवार कागद क्वालिटीच्या कपाटात आहेत. त्यांतले पहाटे तीन ते पाच हे दोन तास वेगळे काढा. शरीराचे तापमान त्याच सुमारास सर्वांत खाली असते. डोळे उघडे असतात आणि माणूस आत नसतो.

ऑफसेट चुकला तर मशीन जाते. पॉवर प्रेसवर माणूस चुकला तर बोटे जातात. ‘सेफ इन इंडिया’ ही संस्था २०१९ पासून ‘क्रश्ड’ या नावाने वाहन उद्योगाच्या सुट्या भागांच्या कारखान्यांतल्या अपघातांचे अहवाल काढते. त्या अहवालांतली, प्रेसमध्ये बोटे गमावलेली माणसे बहुतेक तरुण, कंत्राटी आणि ठरल्यापेक्षा कितीतरी जास्त तास काम करणारी आहेत. आपल्या नाशिकचा मोठा धंदा याच सुट्या भागांचा आहे.

रात्रीच्या पाळीतली माणसे कापायची सवय कुठवर नेते, ते शेजारच्या राज्यात दिसले. २ डिसेंबर १९८४ च्या रात्री भोपाळच्या युनियन कार्बाइडमध्ये जे झाले ते कोणाला डुलकी लागली म्हणून झाले नाही. सुरक्षेची एकेक यंत्रणा आधीच बंद किंवा निकामी होती. पण खर्च वाचवायचा म्हणून मिथाइल आयसोसायनेट विभागातली माणसे निम्म्यावर आणली होती आणि रात्रपाळीतले मेंटेनन्स सुपरवायझरचे पद काढून टाकले होते, हेही त्याच साखळीत येते. ते पद काढणाऱ्यानेही एका कागदावरच रेघ मारली असेल.

थर्ड कोणाला लागते, हेही तुमचा कागद सांगतो. वशिल्याचे दिवसाच्या जनरल शिफ्टमध्ये, जुने परमनंट जमेल तेवढे फर्स्टमध्ये, आणि थर्डला ठेकेदाराची पोरे. ती अंबड-चुंचाळ्यात एका खोलीत सहा-सहा जण राहतात. थर्डवाला येतो तेव्हा फर्स्टवाला गेलेला असतो, त्याच गादीवर तो आडवा होतो. ती गादी थंड होत नाही. कायदा जादा कामाला दुप्पट दर सांगतो. ‘ओटी सिंगल’, म्हणजे जादा कामालाही साधाच दर, हा शब्द मात्र या पोरांना पहिल्या पगारालाच कळतो. आणि तुमच्याच गेटवरचा सिक्युरिटीवाला तर बारा तासांचाच माणूस. त्याचा जोडीदार आला नाही की बाराचे चोवीस होतात. कारखान्याच्या चाव्या त्याच्याकडे असतात.

कायद्याची भीती तुम्हाला घालत नाही. उलट कायदा तुमच्या बाजूने सरकतो आहे. नारायण मेघाजी लोखंडे यांनी वर्षानुवर्षे रेटा लावला तेव्हा कुठे १० जून १८९० रोजी मुंबईच्या गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. पुढे गिरण्यांत विजेचे दिवे आले आणि सूर्य मावळायची अडचण मालकांना उरली नाही. दिवस चौदा-पंधरा तासांपर्यंत लांबले. १९११ च्या कायद्याने कापड गिरण्यांतल्या पुरुषांचा दिवस बारा तासांवर बांधला. त्यातून नऊ तासांवर यायला आणखी तीन-साडेतीन दशके गेली. १९४८ च्या फॅक्टरी ॲक्टमध्ये नऊ तासांचा दिवस आणि ४८ तासांचा आठवडा लिहिला गेला. आता सप्टेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने कारखान्यातला दिवस नऊवरून बारा तासांपर्यंत नेऊ देणाऱ्या दुरुस्त्या मंजूर केल्या, आणि तिमाहीतल्या ओव्हरटाइमची मर्यादा ११५ तासांवरून १४४ वर नेली. ११४ वर्षांनी आपण पुन्हा त्याच बारावर. कामगाराची लेखी संमती लागेल म्हणतात. सहा महिन्यांच्या करारावरच्या पोराची संमती कशी मिळते ते तुम्हालाही ठाऊक आहे आणि मलाही. भरतीच्या दिवशी इतर दहा कागदांबरोबर तीही सही होईल. पण सरकारने मुभा दिली आहे, सक्ती केलेली नाही. बारा तासांचा तक्ता तुमच्या कारखान्यात लागला तर तो मंत्रालयातून आलेला नसेल. तो तुम्ही आखलेला असेल.

म्हणून मागणे तुमच्याकडेच आहे. तक्ता आठवड्याचा न लावता महिन्याचा लावा, म्हणजे माणसाला भाच्याच्या लग्नाला जाता येईल की नाही ते शनिवारपर्यंत टांगून राहणार नाही. चक्र सुलटे करा आणि थर्डनंतर दोन दिवस सुट्टी द्या. थर्डच्या पोरांना पहाटे गरम जेवण द्या आणि सकाळी सातला बस सोडा, निदान सिडको आणि सातपूरपर्यंत. पंचेचाळिशी ओलांडलेल्या, साखर-रक्तदाब असलेल्या माणसाने थर्डमधून सूट मागितली तर त्याला युनियनच्या दारात उभे राहायला लावू नका. आणि एक पूर्ण आठवडा स्वतः थर्ड करा. केबिनमध्ये नाही, शॉपमध्ये, बारा ते सात, उभे राहून.

यातले बरेच काही वर विचारावे लागेल, बजेटमध्ये बसवावे लागेल, ते मला कळते. डबल बंद करायला मात्र कोणालाच विचारावे लागत नाही. ती गोष्ट उद्या होऊ शकते. सुपरवायझरच्या नावे एक ओळ पुरते : आठ तास भरलेल्या माणसाला पुढच्या पाळीला थांबवून घ्यायचे नाही, रिलिव्हर नसेल तर मशीन बंद ठेवायचे. ती ओळ लिहा आणि खाली सही करा.

कळावे,
एक निवृत्त ऑपरेटर
पवननगर, सिडको, नाशिक